राहीबाईंचं वाक्य

माझं काम लोकांना बोलायला शिकवायचं. लग्नकार्यात कोणी विचारलं की मी एवढंच सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. लोकांना वाटतं मी मुलाखतीची तयारी करून घेणारा क्लास चालवते. कार्डावर 'नूरीन मुकादम, कम्युनिकेशन्स हेड' असं छापलंय आणि खाली मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेचं नाव. प्रत्यक्षात होतं असं की कोणाच्या तरी घरातलं माणूस गेलेलं असतं, धड आजारानं नाही की अपघातानं नाही, आणि त्या घरातली बाई बेलापूरला आमच्या ऑफिसात येते. मी तिला खिडकीकडे तोंड करून बसवते, कारण उजेड चेहऱ्यावर पडायला हवा. समोर मोबाइल धरते आणि म्हणते, "एकच वाक्य बोलायचं. छोटं. बातमीत तेवढंच उरतं."

अठरा वर्षं हे करतेय. त्याआधी पनवेलच्या एका दैनिकात होते, तिथे दुसऱ्यांची वाक्यं कापायचे. इथे येऊन ती आधीच कापून द्यायला लागले. सुरुवातीला वाटायचं की बातमी आली म्हणजे काहीतरी हलणार. बातमी यायची. हलायचं काही नाही. तीन दिवसांनी दुसरी बातमी यायची आणि आमची बाई त्याच खुर्चीवर बसून विचारायची, "पुढं काय, मॅडम?" या प्रश्नाचं उत्तर मी कोणालाच शिकवलेलं नाही, कारण ते मलाच येत नाही. आमच्या एकाही प्रकरणात आजवर कोणाला शिक्षा झालेली नाही. वार्षिक अहवालात आम्ही 'जनजागृती झाली' असं लिहितो.

वाक्याचे मात्र माझे नियम पक्के. वाक्यात माणसाचं नाव हवं, 'माझा मुलगा' एवढ्यानं भागत नाही. रडू आलं तर थांबायचं, पण तोंड झाकायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरच्यानं आपल्यावर जो आरोप केलाय त्याचा शब्द आपल्या तोंडात घ्यायचा नाही. नाकारतानासुद्धा नाही. 'माझा नवरा दारू पीत नव्हता' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात नवरा आणि दारू एवढंच राहतं. 'नव्हता' कोणी ऐकत नाही. हा नियम मी कॉलेजांतून शिकवलाय, परिषदांमधून मांडलाय, त्यावर टाळ्या घेतल्यात.

राहीबाई सपकाळ या एकाच नियमावर अडून बसल्या.

त्या आल्या तेव्हा शिमगा नुकताच झाला होता. साताऱ्याकडचं डोंगरातलं गाव, साठीच्या आतबाहेरची बाई, हातात पिशवी, पिशवीत मुलाचा एकच फोटो. मुलगा कृष्णात, एकतीस वर्षांचा, तुर्भ्याला मसाल्याच्या गोडाऊनमध्ये पोती वाहायचा. एका संध्याकाळी गोडाऊनमधून वेलचीचं एक पोतं कमी भरलं. मालकानं कृष्णातचं नाव घेतलं. का, तर त्याच्या शर्टाला वेलचीचा वास येत होता. तिथे काम करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या शर्टाला वेलचीचा वास येतो, मालकाच्याही येत असणार, पण मालकाचा शर्ट कोण हुंगणार? हायवेजवळच्या एका चौकीतून दोघेजण आले आणि कृष्णातला घेऊन गेले. त्या रात्री चौकीसमोरच्या चहावाल्याच्या फोनवरून त्यानं गावी आईला फोन केला. "आये, चौकीत बसवलंय मला. सकाळच्याला सोडत्याल." तिसऱ्या दिवशी पहाटे तो रस्त्याच्या कडेला पडलेला मिळाला. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपला होता.

बसवलंय. हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. अटक करायची तर कागद लागतो, वेळ लिहावी लागते, चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं. बसवायला बाकडं पुरतं. इकडे सगळ्यांना हा शब्द माहीत आहे. रिक्षावाल्याला बसवतात, फेरीवाल्याला बसवतात, भाडं थकलेल्या भाडेकरूला बसवतात. बसवलेला माणूस कुठल्याही दफ्तरात नसतो. उठून घरी गेला तर तो बसला होता, एवढंच. आणि नाही उठला तर तो तिथे कधी नव्हताच.

आमची वकील संघप्रिया, वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान आणि रागानं बरीच मोठी. तिनं पहिल्याच दिवशी सगळं हिशेबात घेतलं. चौकीचा कॅमेरा बंद होता. तो नेहमीच बंद असतो. चहावाल्याला आधी सगळं आठवत होतं, दोन दिवसांनी काहीच आठवेना. पण त्याच्या नंबरावरून राहीबाईंच्या नंबरावर त्या रात्री फोन गेला होता आणि ती नोंद कंपनीकडून मिळणार होती. "फोनवर कोण बोललं, हे जगात एकच माणूस सांगू शकतं," संघप्रिया मला म्हणाली. "मावशी ठाम राहिल्या ना, तर ही केस उभी राहते, नूरीन. पहिल्यांदा आपल्याकडे काहीतरी धरायला आहे."

मी राहीबाईंना खिडकीकडे तोंड करून बसवलं.

"मावशी, असं म्हणायचं. कृष्णातनं मला चौकीतून फोन केला. तो परत आला नाही. बास."

त्यांनी मान डोलावली. मी मोबाइल धरला. त्या म्हणाल्या, "माजा कृष्णात चोर न्हवता."

"मावशी, तो शब्द नको."

"कंचा?"

"चोर."

"मी 'न्हवता' म्हनतीया की."

"हो, पण लोकांना चोरच ऐकू येतं."

"मंग मोट्यानं म्हनू का न्हवता?"

संघप्रियाला हसू फुटलं, मलाही. राहीबाई हसल्या नाहीत. पुन्हा घेतलं. या वेळी फोनचं सगळं नीट म्हणाल्या, मी मोबाइल खाली करणार तोच घाईघाईनं पुढे म्हणाल्या, "आन् त्यो चोर न्हवता." असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. शेवटी मी चहा मागवला आणि विचारलं की मावशी, एवढं त्याच शब्दाचं काय घेऊन बसलात?

तेव्हा त्यांनी पेटीचं सांगितलं. त्यांच्या गावच्या लोकांनी वर्गणी काढून कोपरखैरण्याला एक खोली घेतलेली आहे. गावकीची खोली म्हणतात. गावातून कामाला आलेला गडी तिथेच झोपतो, भिंतीकडेला ज्याची त्याची पत्र्याची पेटी. खोलीतला माणूस इकडे वारला तर गावकीतले चौघं त्याची पेटी घेऊन गावी जातात, घरच्यांच्या हातात देतात, उंबऱ्यात बसून चहा घेतात आणि मग उठतात. कितीही लांबचा असो, कितीही भांडलेला असो. आणि दुसरी रीत अशी की चोराची पेटी दाराच्या आत ठेवायची नाही.

"कृष्णातची पेटी ग्यालरीत टाकलीया," राहीबाई म्हणाल्या. "पत्र्याखाली. मी म्हनलं माजी मी न्हेती. तर किसनतात्या म्हनला, नेतीस तर ने वैनी, आमी कुनी येनार न्हाई. ताई, मी एकटीनं पेटी घिऊन गावात उतरायचं? आख्खं गाव बगल."

किसनतात्या म्हणजे गावकीचा म्होरक्या, राहीबाईंचा लांबचा दीर.

मी मान हलवली. तेव्हा मला वाटलं होतं की ही बाजूची गोष्ट आहे, मुख्य गोष्ट खुनाची आहे. मी त्यांना म्हणाले, "मावशी, एकदा प्रकरण उघड झालं की पेटीचं आपोआप होईल." असं मी म्हणत असते.

पत्रकार परिषद वाशीला घेतली. आठ-दहा जण आले, कॅमेरा एकच. राहीबाईंनी शिकवल्याप्रमाणे फोनचं वाक्य म्हटलं, अगदी जसंच्या तसं, आणि मग माझ्याकडे न बघता कॅमेऱ्याला सांगितलं, "माजा कृष्णात चोर न्हवता." दुसऱ्या दिवशी मथळे आले. 'माझा मुलगा चोर नव्हता, आईचा टाहो.' खाली, 'वेलची चोरीच्या संशयावरून ताब्यात घेतलेल्या हमालाचा मृत्यू.' एका वाहिनीनं तर त्याचं 'वेलचीचोरी प्रकरण' असं बारसंच करून टाकलं. मोबाइलवर कृष्णात सपकाळ असं टाकलं की पुढचा शब्द आपोआप 'चोरी' यायला लागला. मरेपर्यंत त्या पोराचं नाव पेपरात कधी आलं नव्हतं. आलं ते त्या शब्दाचं बोट धरून, आणि आणलं मी. राहीबाईंच्या बाजूनं लिहिणाऱ्यांनीही तो शब्द लिहिला, कारण त्याच्याशिवाय गोष्ट सांगताच येत नव्हती. माझी स्वतःची प्रेस नोट काढून पाहिली. दुसऱ्याच ओळीत होता.

माझा नियम बरोबर होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

राहीबाई भाचीकडे घणसोलीला राहत होत्या. तिथून फोन आला. "ताई, तात्या म्हनला, आता तर पेपरातबी आलं."

पुढच्या आठवड्यात खुलासा आला. चौकीच्या वरच्या कार्यालयातून सगळ्या वर्तमानपत्रांना पाठवलेला, एक पानी. खुलासे मी आयुष्यभर वाचत आलेय. सहसा कोणी छापत नाही, छापले तर जाहिरातीच्या खाली चार ओळी. संघप्रिया तो घेऊन जवळजवळ नाचत माझ्या टेबलापाशी आली.

"वाच. लेखी खोटं बोललेत. सही करून बोललेत!"

मी वाचलं. 'सदर मयत इसम नामे कृष्णात सपकाळ, रा. कोपरखैरणे, याचेविरुद्ध चोरीबाबत अथवा अन्य कोणतीही तक्रार दाखल नाही. त्यास चौकशीकामी बोलावण्यात आले नव्हते अगर ताब्यात घेण्यात आले नव्हते. सदर इसम रस्त्यालगत अत्यवस्थ स्थितीत मिळून आल्याने माणुसकीच्या नात्याने त्यास रुग्णालयात दाखल करण्यात आले.'

माणुसकीच्या नात्याने. हे लिहिणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटला. एवढं सपाट लिहायला मला कधीच जमलेलं नाही.

"आता हायकोर्ट," संघप्रिया म्हणाली. "हे म्हणतात बोलावलाच नाही. आपण फोनची नोंद ठेवायची, मावशींचं प्रतिज्ञापत्र ठेवायचं. संपलं. शनिवारी त्यांना सहीला बोलाव."

दिल्लीहून आमचे संचालक शौनक यांचाही फोन आला. ते नेहमी आनंदात असतात. "नूरीन, दिस इज द केस," म्हणाले. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. कितीतरी वर्षांनी मला सकाळी उठून ऑफिसला यावंसं वाटत होतं.

त्या दिवशी करंजाड्याला घरी जेवताना मी अब्बांना खुलासा वाचून दाखवला. नजीब मुकादम, न्हावा शेव्याला कस्टम क्लिअरिंगमध्ये उभं आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, पापलेटाचा काटा काढला आणि म्हणाले, "कागदावर नाय तो माल आलाच नाय, गो. आमच्याकडं बी असाच." मी म्हणाले, या वेळी कागद आमच्याकडेही आहे. त्यांनी पुढचा काटा काढला.

शनिवारी राहीबाई आल्या. प्रतिज्ञापत्र तयार होतं. संघप्रियानं आधी समजावलं की चौकीवाल्यांनी असं असं लिहून दिलंय, ते खोटं आहे हे आपल्याला कोर्टात सांगायचंय. राहीबाई म्हणाल्या, काय लिहिलंय ते आधी वाचा. मी वाचायला लागले. पहिली ओळ झाली आणि त्यांनी हात वर केला.

"परत वाचा."

"याचेविरुद्ध चोरीबाबत अथवा अन्य कोणतीही तक्रार दाखल नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे त्याच्यावर चोरीची तक्रार नाही."

"कुनी लिवलंय?"

"त्यांच्या मोठ्या साहेबांनी."

"शिक्का हाय?"

"आहे."

राहीबाईंनी कागद माझ्या हातातून घेतला. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिल्या. मग पदरानं टेबल पुसलं, त्यावर कागद ठेवला आणि त्याला हात जोडले. आमच्या ऑफिसात इतक्या बायका रडताना मी पाहिल्या आहेत, पण कोणाचा चेहरा असा निवळलेला पाहिला नव्हता. गेल्या कित्येक दिवसांत मी दिलेलं काहीही त्यांच्या उपयोगी पडलं नव्हतं. हे पडलं. ज्यांनी मारलं त्यांनीच ते दिलं होतं.

"मावशी, पुढचं ऐका," संघप्रिया म्हणाली. "पुढे लिहिलंय की त्याला चौकीत नेलंच नव्हतं. ते खोटं आहे ना? तुम्हाला त्याचा फोन आला होता ना?"

"आलता."

"मग तेच लिहिलंय इथे. इथे सही करा."

राहीबाईंनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही. म्हणाल्या, "मी सही केली म्हंजी ह्यो कागुद खोटा, असंच झालं न्हवं?"

"सगळा नाही. दुसरी ओळ खोटी."

"आन् पयली खरी?"

"पहिली खरी."

"एका कागदावर, एका मानसानं लिवलेली? लोकं मानत्याल व्हय?" त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, कोरटात तुमी म्हननार, त्येला चौकीत न्हेला हुता. जज इचारील, कशापायी न्हेला हुता? तवा काय सांगनार?"

संघप्रियाला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "चोरीच्या संशयावरून."

"बगा," राहीबाई म्हणाल्या आणि पेन खाली ठेवलं.

मग संघप्रिया तासभर बोलली. चांगलं बोलली. न्यायालय काय करू शकतं, नुकसानभरपाई काय, ते दोघे कसे निलंबित होतील. शेवटी तिचा तोल गेला. "मावशी, त्यांनी तुमचा मुलगा मारलाय! हे असंच सोडलं तर उद्या दुसऱ्या कोणाला बसवतील."

"बसिवत्याल," राहीबाई शांतपणे म्हणाल्या. "त्येची आई यील मंग तुमच्याकडं. शिकीवशिला तिलाबी." त्यात टोमणा नव्हता, निदान मला तरी ऐकू आला नाही. संघप्रिया उठून बाहेर गॅलरीत गेली.

मी त्यांना समजावू शकले असते. माणसांना पटवणं हेच तर माझं काम, आणि त्या दमल्या होत्या, अजून दोन दिवस मागे लागले असते तर त्यांनी सही केलीही असती. मग तारखा. तीन वर्षं, पाच वर्षं. प्रत्येक तारखेला 'वेलचीचोरी प्रकरणी'. पत्र्याखाली पेटी. आणि शेवटी काय होतं ते मला पाठ आहे. त्या खुर्चीतल्या बाईला मी न्याय देणार नव्हते, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. मला देता येत होती ती फक्त बातमी.

"ताई, एक काम कराल?" राहीबाईंनी विचारलं. "ह्ये आमच्या गावाकडच्या पेपरात छापून आना. आमच्याकडं सातारचा येतो. ठळक."

मी सनीला फोन लावला. सनी त्या दैनिकाच्या वाशी कार्यालयात बातमीदार, माझ्या प्रेस नोटा सगळ्यात जास्त त्यानंच छापल्यात. त्याला आधी कळेचना.

"मॅडम, म्हणजे खुलाशाला उत्तर द्यायचंय?"

"नाही. खुलासा छापायचाय."

"त्यांचा?"

"त्यांचा."

"तुम्ही सांगताय? तब्येत बरी आहे ना?" तो हसला, मग माझा आवाज ऐकून थांबला. "बरं, सातारा आवृत्तीत टाकायला सांगतो. आतल्या पानात दोन ओळी जातील."

"दोन ओळी नकोत. पान तीन, चौकट, फोटोसकट. सनी, अठरा वर्षांत मी तुझ्याकडे जागा मागितली नाही, बातमी दिली. या वेळी जागा मागतेय."

त्यानं डेस्कशी बोलून परत फोन केला. जागा मिळत होती. अट एकच, अर्धा खुलासा छापता येत नाही, सगळा जाणार. बोलावण्यात आले नव्हते, रस्त्यालगत मिळून आला, माणुसकीच्या नात्याने, सगळं. मी म्हटलं, जाऊ दे. मथळा मीच लिहून दिला. 'कृष्णात सपकाळ यांच्यावर चोरीची तक्रार नव्हती.' प्रूफ आलं तेव्हा नावात 'कृष्णत' पडलं होतं, ते दुरुस्त केलं. मयतच्या जागी 'दिवंगत' करून घेतलं. चांगली बातमी झाली. माझ्या हातून गेलेली ही सगळ्यात नीटनेटकी बातमी असेल आणि तिच्यातली खरी ओळ एकच होती.

संघप्रिया माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, तेही फाईल बंद केल्याचं सांगायला. "प्रतिज्ञापत्राशिवाय त्या फोनच्या नोंदीचा उपयोग नाही," म्हणाली. "चहावाल्याच्या फोनवरून कोणीही बोललं असेल." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यामुळे होतं. तिचं बरोबरच होतं.

पेटी निघाली त्या सकाळी मी कोपरखैरण्याला गेले. बोलावलं कोणी नव्हतं. खोलीखाली टेम्पो उभा होता. किसनतात्या, पन्नाशीचा, जाड मिश्यांचा माणूस, पेपरातलं कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवून आला होता. मला बघून जरा ओशाळला.

"मॅडम, आमाला तरी काय म्हाईत? पन्नास लोकं ऱ्हात्यात खोलीवर, रीत मोडून चालत न्हाई. आता सायबानंच लिवून दिलंया म्हनल्यावर इषयच मिटला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पोरगं सोन्यासारकं हुतं ओ. आमाला ठावं हुतं."

"ठाऊक होतं तर मग पेटी बाहेर का?"

"पेपरात तसं आलं न्हवतं ना," तो म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय, पण तो अगदी मनापासून सांगत होता.

चौघांनी पेटी उचलून गॅलरीतून आधी खोलीत नेली, भिंतीकडेला तिच्या जागी टेकवली, आणि मग पुन्हा उचलून खाली आणली. आतून बाहेर गेली पाहिजे म्हणून. पत्र्याखाली ठेवूनही वेलचीचा वास गेला नव्हता. राहीबाई टेम्पोत पुढे बसल्या होत्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "लई केलंत ताई माज्या लेकरासाटी." कोणी चपराक मारली असती तर मला एवढं लागलं नसतं.

फोन आला तो आठवड्याभरानं. उरणकडची एक तरुण बाई आली होती, तिचा नवरा कंटेनर यार्डात काम करायचा, आणि मी तिच्यासाठी खुर्ची खिडकीकडे वळवत होते. तिला थांबायला सांगून मी बाजूला गेले.

"ताई, पेटी पोचली बगा. चौगं उंबऱ्यात बसलं, च्या घ्येतला. सरपंचबी आलता. कात्रान भिताडातल्या दिवळीत लावलंय."

"बरं झालं, मावशी."

"व्हय, ब्येस झालं." मागे कोणाच्या तरी घरात भांडी घासल्याचा आवाज येत होता. "ताई, एक इचारायचं हुतं. बायामानसं भेटायला येत्यात. आता चोरीचं कुनी काडत न्हाई. पर इचारत्यात, चौकीत न्हेलाच न्हवता तर मंग कृष्णात मेला कशानं? एवडा धडधाकट गडी. मला काय सुदरत न्हाई. मी नुसती बसती त्यांच्या म्होरं." "तुमी एक वाक्य सांगा की. ल्हान."

दोन शब्दांचं खरं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. त्याला मारलं. याहून छोटं मला अठरा वर्षांत सुचलेलं नाही. पण ते गावात म्हटलं की कुठे मारलं, कोणी मारलं, कशापायी नेलं होतं, आणि दिवळीतलं कात्रण खाली उतरलं असतं. पेटी पुन्हा उंबऱ्याबाहेर आली असती.

"रस्त्यात सापडला, म्हणा," मी म्हणाले.

"आन् त्यो फोन?"

"फोनचं काही बोलू नका, मावशी."

"त्येचा शेवटचा हुता, ताई."

"माहीत आहे. पण नका बोलू. कोणाशीच नका."

पलीकडे कोणीतरी अजून भांडी घासत होतं. खुर्चीतली बाई माझ्याकडे बघत होती, तिनं मांडीवरचा फोटो उलटा धरला होता.

"एकदा म्हणून दाखवा," मी म्हणाले. सवयीनं.

"कृष्णात रस्त्यात सापडला," राहीबाई म्हणाल्या. नाव घेऊन, सावकाश, न रडता. "बराबर आलं का?"

"बरोबर आलं," मी म्हणाले.